स्वस्तातल्या हंटिंग रायफलचा ट्रिगर सुधारायचाय? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

मंडळी, इकडे अमेरिकेत आपल्यातले बरेच जण हल्ली डिअर हंटिंगकडे वळतायत, कुणी ऑफिसातल्या मित्राबरोबर, कुणी शेजाऱ्याच्या नादाने, आणि पहिली रायफल बहुतेकांची ठरलेली असते, रुगर अमेरिकन नाहीतर सॅव्हेज ॲक्सिस नाहीतर मॉसबर्ग पेट्रियट. वाईट रायफली नाहीत ह्या, उलट बॅरल इतकी चांगली असते की दुप्पट किमतीच्या रायफलीला लाजवेल. कंपनीने पैसे वाचवलेले असतात ते प्लॅस्टिकच्या स्टॉकमधे (खांद्याला टेकवायचा दस्ता) आणि ट्रिगरमधे. स्टॉक चालवून घेता येतो, ट्रिगर मात्र प्रत्येक गोळीला आडवा येतो.

का येतो ते सांगतो. रुगर अमेरिकनचं वजन साधारण सव्वासहा पाउंड. समजा ट्रिगर ओढायला सहा पाउंड जोर लागतोय, म्हणजे जवळजवळ रायफलच्या वजनाइतकी ओढ तुम्ही एका बोटाने देताय, आणि तीही रायफल स्थिर धरून. बेंचवर सँडबॅग टाकून बसलात तर हे एवढं जाणवत नाही, पण झाडाला टेकून उभं राहिलात, श्वास वर-खाली होतोय, बोटं गारठलीत, तेव्हा शेवटच्या क्षणी क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) हलतो तो ह्याच जोरामुळे. हरणाची हृदय-फुफ्फुसाची जागा साधारण आठ इंचांची, त्याच्या बाहेर गोळी गेली की जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन् तास तडफडत मरतं. माझ्या मते ट्रिगर सुधारायचं खरं कारण हे आहे, रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) छोटा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा दाट पुंजका, काढून फोटो टाकणं नंतर.

सुरुवातीला कायद्याचं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. तुम्ही एच-१बी, एच-४, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे तुमच्या नावावर अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. लायसन्सची मुदत संपली की तो अपवादही संपला, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्यात ही अडचण नाही, पण राज्याराज्याचे नियम वेगळे, तेव्हा शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हिसाशी खेळ नको. आणि हे सगळं फक्त इकडचं बरं का, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे गावाकडच्या कुणाला हे वाचून काही सुचलं तर तिथेच थांबायचं.

ट्रिगरमधे नेमकं होतं काय

चाप ओढला की आत सिअर नावाचा एक छोटा पोलादी तुकडा सरकतो, त्याने अडवून धरलेली फायरिंग पिन सुटते आणि काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीवर, आदळते. बस एवढंच. पण ह्या एवढ्याशा प्रवासात चार गोष्टी तुमच्या बोटाला कळतात. सुरुवातीला जो मोकळा खेळ असतो तो टेक-अप. नंतर चाप सुटायच्या आधी जे खरखरत, अडखळत सरकणं लागतं ते क्रीप. मग सुटतो तो क्षण, ब्रेक. आणि सुटल्यावरही ट्रिगर मागे जात राहतो ते ओव्हरट्रॅव्हल.

नवीन माणूस फक्त पाउंड बघतो. पण साडेतीन पाउंडाचा ट्रिगर जर काच तुटल्यासारखा एकदम सुटत असेल तर तो अडीच पाउंडाच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा कधीही बरा, कारण खरखरीत ट्रिगरमधे बोट वाट बघत बसतं, आता सुटेल मग सुटेल, आणि त्या वाट बघण्यातच झटका बसतो. जोर आणि क्रीप हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधंही वेगळी.

पायरी १: रायफल रिकामी करा, आणि खरंच रिकामी आहे ना बघा

मॅगझिन काढा, बोल्ट (हँडलने मागे-पुढे होणारा दांडा) मागे ओढा, चेंबरमधे, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून ठेवा. काडतुसं त्या खोलीतच नकोत, दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलपात. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावर करा. पुढे टेस्टिंगसाठी बोल्ट परत घालावा लागेल, तेव्हा दरवेळी चेंबर परत बघायचं, मघाशी बघितलं होतं हे कारण चालत नाही.

पायरी २: दोष ट्रिगरचाच आहे का ते तपासा

ट्रिगरला शिव्या देण्याआधी स्टॉकचे स्क्रू बघा. रुगर अमेरिकनला ॲक्शन स्क्रू (ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसते ती पोलादी यंत्रणा, स्टॉकला बांधणारे) ६० ते ८० इंच-पाउंडला घट्ट करायला कंपनी सांगते आणि नवीन रायफलसुद्धा दुकानातून ढिल्या स्क्रूने येऊ शकते. स्कोपचे, म्हणजे दुर्बिणीचे, बेस आणि रिंगचे स्क्रूही बघा. इंच-पाउंडचा छोटा टॉर्क ड्रायव्हर घ्याच, हाताच्या अंदाजाने प्लॅस्टिक स्टॉकचे स्क्रू पिळू नका.

मग ट्रिगर गेज, म्हणजे ओढायचा जोर मोजायचा काटा. डिजिटल लायमनचा मिळतो, साधा स्प्रिंगचा व्हीलरचा त्याहून स्वस्त. बोल्ट घालून, रिकाम्या रायफलवर, ट्रिगरच्या मधोमध एकाच जागी हूक लावून सरळ मागे, हळू ओढायचं, आणि आठ-दहा रीडिंग घेऊन लिहून ठेवायची. सरासरी तर महत्त्वाची आहेच पण मी त्याहून जास्त फरक बघतो, म्हणजे एकदा साडेचार आणि एकदा पावणेसहा येत असेल तर आत घाण आहे नाहीतर काहीतरी घासतंय, आणि तिथे स्क्रू फिरवून काही होणार नाही.

ड्राय फायर, म्हणजे काडतूस न घालता चाप ओढणं, करायला घाबरायचं कारण नाही, आजकालच्या सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध पिन आदळते त्या) रायफलींना त्याने काही होत नाही, मनाला बरं वाटत असेल तर स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, वापरा. पॉइंट टू-टू रिमफायर (काडतुसाच्या कडेवर पिन आदळते ती) असेल तर मात्र मॅन्युअलमधे परवानगी असल्याशिवाय रिकामं मारू नका, पिन चेंबरच्या काठावर आपटू शकते. आणि एक सांगतो, सीझनच्या आधी महिनाभर रोज दहा मिनिटं ड्राय फायर केलंत तर निम्मी तक्रार आपोआप कमी होते, थोडी बोटाला सवय होते आणि थोडे आतले भागही एकमेकांना घासून गुळगुळीत होतात. कोल्हापूरच्या मातीतून ऑलिंपिकपर्यंत पोचलेला स्वप्नील कुसाळे, पॅरिस २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधे ब्राँझ, त्या दर्जाचे नेमबाज गोळीपेक्षा ड्राय फायरच जास्त करतात. त्यांचे ट्रिगर अगदी हलके असतात ते बघून मात्र आपण तसं करायला जायचं नाही, ते रेंजवर उभे असतात, आपण अंधारात शिडी चढून झाडावर बसतो.

पायरी ३: धुऊन काढा

ह्या पायरीला लोक मोजतच नाहीत आणि मला तर हीच सगळ्यात आवडते कारण खर्च जवळपास शून्य. दोन ॲक्शन स्क्रू काढा, बॅरल आणि ॲक्शन स्टॉकमधून वर उचला, ट्रिगरचा डबा समोर दिसेल. टॉर्च मारून आत बघा. कारखान्यातलं गंज रोखायचं तेल घट्ट होऊन मधासारखं झालेलं असतं, त्यात पॅकिंगचे धागे, कधी धातूचा बारीक चुरा. जुनी रायफल घेतली असेल तर त्यात आधीच्या मालकाने मारलेल्या स्प्रेचा पिवळा थर.

सिगरेट लायटरचं फ्लुइड घ्या, खिडकी उघडी, आसपास गॅस-बिस काही पेटलेलं नाही, आणि ट्रिगरच्या डब्यात वरून सोडा, खाली पांढरा टिश्यू धरा. पहिल्यांदा टिश्यूवर तपकिरी-काळं पाणी येतं, कडेला चमचमणारे कण असतात. ट्रिगर हलवत हलवत परत सोडा. टिश्यू स्वच्छ येईपर्यंत करायचं, मग तासभर वाळू द्यायचं. प्लॅस्टिक किंवा पेंट केलेल्या भागांवर क्लीनर टाकताना आधी कोपऱ्यात टेस्ट करा, ब्रेक क्लीनर तर स्टॉकपासून लांबच ठेवा.

नंतर तेल नको. म्हणजे फार तर पिनांच्या टोकांना सुईच्या अग्राएवढा थेंब किंवा कोरडं ल्युब्रिकंट. डब्ल्यूडी-४० ट्रिगरमधे कधीच मारू नका, ते वाळून चिकट थर धरतं, आणि पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर अखेरीला पहाटे शून्याखाली गेलं की तो थर ट्रिगर वेळेवर परत येऊ देत नाही. अर्धवट परत आलेला ट्रिगर म्हणजे सिअर नीट न अडकलेली रायफल. ह्याच्यापेक्षा भीतीदायक गोष्ट ह्या विषयात दुसरी नाही.

पायरी ४: कंपनीने दिलेला स्क्रू फिरवा

मॅन्युअल काढा. हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं.

रुगर अमेरिकन २०१२ ला आली तेव्हापासून तिला मार्क्समन नावाचा ॲडजस्टेबल ट्रिगर आहे, ३ ते ५ पाउंडांमधे. स्टॉकमधून काढल्यावर डब्याच्या पुढच्या बाजूला सेट स्क्रू दिसतो, बरोबर मापाची ॲलन की घालून घड्याळाच्या उलट फिरवला की जोर कमी होतो. पाव फेरा फिरवा, गेज लावा, परत पाव फेरा. मापात जराशी ढिली किल्ली घातली की त्या बारीक स्क्रूचे कोपरे मरतात आणि मग बसा. स्क्रू जाम असेल तर त्यावर थ्रेडलॉकर (स्क्रू पक्का धरणारं चिकट रसायन) असू शकतं, सोल्डरिंग आयर्नचं टोक थोडा वेळ टेकवून गरम केलं की सुटतं.

सॅव्हेजचं जरा वेगळं. त्यांनी २००२ मधे ॲक्यूट्रिगर आणला आणि खरंतर तेव्हापासूनच स्वस्त रायफलींचे ट्रिगर सुधारायला लागले, बाकीच्या कंपन्यांना मागे यावंच लागलं. ट्रिगरच्या मधे जी पातळ पट्टी असते ती दाबल्याशिवाय सिअर सुटूच शकत नाही, धक्क्याने सुटला तरी ती पट्टी त्याला वाटेत अडवते आणि मग बोल्टचं हँडल उचलून परत कॉक करावं लागतं. सोबत एक छोटं टूल येतं, ते खालून स्प्रिंगमधे घालून फिरवायचं. पण बघा, ॲक्सिसची जी मूळ साधी आवृत्ती आहे तिला ॲक्यूट्रिगर नाही, ॲक्सिस टू ला आहे. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात, फरक थोड्या डॉलरचा असतो, नवीन घेत असाल तर टू च घ्या, नंतर ट्रिगरवर घालवायचे पैसे वाचतील.

किती ठेवायचा? जंगलात हातमोजे घालून वापरायच्या रायफलला माझ्या मते तीन पाउंड, म्हणजे १३६० ग्रॅमच्या आसपास, थोडं वर असलं तरी उत्तम. अडीचच्या खाली जाऊच नका. हातमोज्यातलं बोट सुन्न असतं, ट्रिगरला कधी लागलं ते कळत नाही.

स्क्रू मनासारखा झाला की त्याच्या टोकावर आणि बाजूच्या धातूवर मिळून नेलपॉलिशचा ठिपका द्या. तो तडकलेला दिसला की स्क्रू फिरलाय हे नुसत्या नजरेने कळतं.

पायरी ५: सिअरला हात लावायचा नाही

इथे थोडं थांबून सांगतो कारण इंटरनेटवर ढीगभर व्हिडिओ आहेत, दगडावर सिअर घासून गुळगुळीत करा म्हणून. नका करू. सिअरच्या आणि त्याला अडणाऱ्या भागाच्या पृष्ठभागाला ठराविक कोन असतो, त्या कोनामुळेच धक्का बसला तरी ते दोघे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. हाताने घासताना तो कोन डोळ्याला न दिसेल इतका बदलला तरी पकड जाते. दुसरं म्हणजे बऱ्याच भागांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो, तो घासून गेला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. आज ट्रिगर लोण्यासारखा वाटेल, पन्नास-शंभर गोळ्यांनी ती कड झिजेल आणि एक दिवस बोल्ट बंद करतानाच रायफल सुटेल. ह्या कामासाठी खास जिग (भाग ठराविक कोनात धरणारे साचे) लागतात आणि शिकलेला गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, लागतो.

स्प्रिंग कापणं पण तसंच. साध्या ॲक्सिससाठी वगैरे हलक्या स्प्रिंगा मापाने बनवलेल्या विकत मिळतात, थोडक्या पैशात, त्या घाला. स्वतः पकडीने दोन वेटोळी कापलीत तर स्प्रिंग तिरकी बसते आणि ट्रिगर परत येण्याचा भरवसा जातो.

कारखान्यातून निघालेल्या ट्रिगरमधेही गडबड होऊ शकते हे लक्षात ठेवा. रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मधे एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या होत्या, जोडणीत जास्तीचं चिकट रसायन गेल्यामुळे ट्रिगर न ओढता गोळी सुटण्याची शक्यता होती, आणि १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ मधे बनलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन त्यात होत्या. पॉन शॉपमधून जुनी ७०० स्वस्तात मिळतेय म्हणून घेत असाल तर आधी तिचा ट्रिगर कुठला, बदललेला आहे का, हे तपासा. माहीत नसेल तर सरळ नवीन ट्रिगरचे पैसे धरूनच भाव करा.

पायरी ६: अख्खा ट्रिगर बदलणे

धुतला, स्क्रू फिरवला, तरी क्रीप जात नाही, तर मग ड्रॉप-इन ट्रिगर, म्हणजे जुन्याच्या जागी तसाच बसणारा तयार ट्रिगर. टिमनी ही १९४६ पासूनची कंपनी, तिचे रुगर अमेरिकनसाठी आणि रेमिंग्टन ७०० साठी मिळतात, ट्रिगरटेकचे ७०० साठी फार चांगले, त्यात सिअरच्या मधे रोलर असतो त्यामुळे घासून सरकायच्या ऐवजी फिरून सुटतो आणि क्रीप जवळजवळ लागतच नाही. साध्या ॲक्सिसला रायफल बेसिक्सचा बसतो. किंमत शंभर ते दोनशे डॉलर धरा. चारशेच्या रायफलला दीडशेचा ट्रिगर हा हिशोब काहींना पटत नाही, मला पटतो, पण आधीच्या पायऱ्या करून झाल्यावरच.

बसवताना सुटं करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. पितळेचा किंवा नायलॉनचा पंच, छोटी हातोडी, खाली मऊ कापड. पिन ठोकताना बोल्ट स्टॉपची आणि सेफ्टीची बारीक स्प्रिंग उडू शकते, म्हणून मी हे काम मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करतो, उडालीच तर पिशवीत राहते. नवीन ट्रिगर बसला की स्टॉकमधे हळूच ठेवून बघा डबा कुठे घासतोय का, सेफ्टीचं बटण पूर्ण पुढे-मागे जातंय का. स्टॉक घासत असेल तर स्टॉक घासा, ट्रिगर नाही. आणि हे वाचतानाच हात थरथरत असतील तर गनस्मिथकडे द्या, ह्या कामाला फार पैसे घेत नाहीत.

पायरी ७: तपासणी

काहीही केलं असो, नुसती धुलाई का असेना, ही तपासणी करायचीच. रायफल रिकामी, परत बघितलेली, नळी सुरक्षित दिशेला.

बोल्ट बंद करून सेफ्टी लावा आणि ट्रिगर नेहमीपेक्षा जोरात ओढा. सुटायला नको. बोट काढा, मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. आत्ताही सुटायला नको. बरेच बिघाड ह्या दुसऱ्या क्षणी सापडतात, म्हणून घाई करू नका. मग सेफ्टी काढलेली ठेवून बोल्ट जोरात, अगदी राग काढल्यासारखा दहा वेळा बंद करा, एकदाही पिन पडायला नको. मग जमिनीवर जाड रबरी मॅट टाका, रायफल उभी धरून बट (स्टॉकचं मागचं टोक) त्यावर आपटा, हाताने धरूनच, वीतभर उंचीवरून. मग स्टॉकच्या दोन्ही बाजूंना रबरी हातोडीने टकटक. ॲक्यूट्रिगरसारखी पट्टी असेल तर ह्या दरवेळेनंतर पट्टीवर सिअर येऊन अडकलाय का तेही बघा, अडकला असेल तर तो पास नाही, नापास, स्क्रू थोडा जड करा आणि पहिल्यापासून सगळं परत.

एकदा जरी सुटली तरी ती रायफल रेंजवर न्यायची नाही. "एकदाच झालं, नंतर नाही झालं" असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या बाजूच्या बेंचवर बसू देत नाही.

पायरी ८: रेंज

पहिल्या काही गोळ्या मॅगझिन न भरता एकेक घाला, बोल्ट बंद करताना नळी टार्गेटच्या खालच्या मातीकडे. स्टॉक काढून परत लावलाय म्हणजे झीरो (स्कोपचा नेम आणि गोळी लागते ती जागा यांची जुळणी) हललेला असू शकतो, तेव्हा १०० यार्डांवर परत झीरो करा. मग हंटिंगचे तेच हातमोजे घाला जे तुम्ही जंगलात घालणार आहात आणि बेंच सोडून, गुडघ्यावर, उभं राहून, शूटिंग स्टिकवर मारून बघा. ट्रिगर हलका झाल्यावर सुरुवातीला गोळी तुमच्या अपेक्षेच्या आधी सुटते, ते बोटाला कळायला वेळ लागतो, म्हणून हे काम सीझनच्या आदल्या आठवड्यात करू नका. पेनसिल्व्हेनियात डिअर रायफल सीझन २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, म्हणजे उन्हाळ्यातच ट्रिगरचं काम उरकलेलं बरं, ऑक्टोबरपर्यंत तर गनस्मिथही रिकामे नसतात.

जुना ट्रिगर फेकू नका, पिशवीत घालून त्यावर रायफलचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, रायफल विकताना मूळ ट्रिगर परत बसवून देता येतो आणि घेणाऱ्याला तो बरा वाटतो. गेजची रीडिंग एका वहीत लिहा. दरवर्षी सीझनआधी परत गेज लावा, नेलपॉलिशचा ठिपका बघा, सातव्या पायरीची सगळी तपासणी करा, आणि आकडा गेल्या वर्षीपेक्षा अर्ध्या पाउंडाने जरी उतरलेला दिसला तरी आधी उघडून कारण शोधा, मगच काडतुसं विकत घ्यायला जा.